राखीव गुडघा

माझी सासुरवाडी माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, पण फुटबॉलचा मोसम सुरू झाला की ती परमुलखात जाते. मी शिवाजी पेठेतला, सासुरवाडी मंगळवार पेठेतली. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला यात एवढं काय, असं वाटेल. त्यानं या दोन पेठांच्या मॅचच्या दिवशी एकदा इथं यावं आणि मग बोलावं.

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. पत्रिका जुळली होती, मुलगी मला पसंत होती, मीही तिला बरा वाटलो होतो. होणाऱ्या सासूबाईंनी नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. पोह्यांची बशी पुढं ठेवता ठेवता एवढंच विचारलं, "मॅच बगाय जातासा काय?" मी मान डोलावली. "कुनाकडनं?" मी आमच्या तालमीचं नाव सांगितलं; इथं फुटबॉलच्या टीम पेठांतल्या तालमींच्याच असतात. त्यांचा हात बशीवरच होता. त्यांनी ती वीतभर मागं ओढली. मग समोरचा माणूस पाहुणा आहे हे ध्यानात आलं असावं, बशी परत पुढं आली.

त्या झुंबरबाई. मी त्यांना आत्या म्हणतो. त्या मला जावईबापू म्हणतात, आणि त्यांच्या बोळातली यच्चयावत माणसं मला "पावणं" म्हणतात. लग्नाला वीस वर्षं होत आली, मुलगी बारावी झाली, तरी मी पावणंच.

आत्यांची पिठाची गिरणी आहे. बोळाच्या तोंडाला, तीन दगडी पायऱ्या चढून गेलं की गिरणी आणि तिच्या मागं घर. माझे सासरे अचानक गेले तेव्हा माझी बायको वर्षाराणी आणि तिचा भाऊ धैर्यशील दोघंही शाळेत होते. नातेवाईक जमून गिरणी कुणाला चालवायला द्यायची याची चर्चा करत होते. आत्या आतून सगळं ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे गिरणीचा आवाज सुरू झाला आणि चर्चा बंद झाली. तेव्हापासून त्या त्या गिरणीत उभ्याच आहेत. गव्हाचे डबे उचलून वर धान्य घालायच्या चाडीत ओतायचे, खाली उकिडवं बसून सांडलेलं पीठ गोळा करायचं, पुन्हा उठायचं. गिरणीच्या घरघरीवरून बोलायची सवय झाल्यामुळं त्यांना हळू बोलता येत नाही. आत्यांनी कानात सांगितलेली गोष्टही शेजारच्या शालूबाईंना पहिल्या फटक्यात कळते.

फुटबॉलचं वेड त्यांना उशिरा लागलं. सासरे गेल्यावर तालमीची पोरं न सांगता येऊन पोती उतरवून द्यायची. पैसे घ्यायची नाहीत, चहासुद्धा उभ्यानं प्यायची. त्या पोरांची मॅच होती, म्हणून आत्या एकदा "जरा तोंड दावून येतो" म्हणून स्टेडियमवर गेल्या. परत आल्या तेव्हा आवाज बसलेला होता. पुढं पंचवीसेक वर्षांत त्यांनी मंगळवार पेठेची एक मॅच चुकवली नाही. मॅचच्या दिवशी दुपारनंतर गिरणी बंद. दळण आदल्या दिवशी आणायचं, हे सगळ्या पेठेनं मुकाट मान्य केलं. आत्या शिव्या देत नाहीत. पण पंचानं चुकीचा ऑफसाइड दिला की त्याच्या आईवडिलांची, चष्म्याच्या नंबराची आणि तो सकाळी काय जेवून आला याची जाहीर चौकशी करतात.

असं सगळं छान चाललेलं असताना गुडघे आडवे आले. उजवा जास्त. आधी उकिडवं बसणं गेलं, मग मांडी घालून जेवणं गेलं, मग जिने. एरंडाची पानं बांधून झाली, निर्गुडीचा शेक झाला, कुणाच्या तरी पावण्यानं बेळगावाहून आणलेलं उग्र वासाचं तेल झालं. त्या तेलाच्या वासानं गिऱ्हाईक कमी झालं, दुखणं झालं नाही. स्टेडियमच्या उंच पायऱ्या त्यांना जमेनात, आणि खालच्या पायरीवर बसून मॅच बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. "खालनं नुसत्या पोरांच्या पोटऱ्याच दिसत्यात," म्हणायच्या.

मग धैर्यशीलनं मोबाईलवर मॅच लावून दिली. आता स्टेडियम तिथून काही लांब नाही. गोल झाला की आरोळी खिडकीतून सरळ घरात येते. मोबाईलवरचं चित्र मात्र मागं रेंगाळत यायचं. म्हणजे बाहेर फटाके वाजतायत, बोळात पोरं नाचतायत, आणि मोबाईलवर खेळाडू अजून कॉर्नर मारायला निघालाय. गोल आधी ऐकायचा आणि मग बघायचा. आत्यांनी असल्या दोनतीन मॅच सोसल्या. नंतर एकदा भर मॅचमध्ये त्यांनी मोबाईल उचलून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात टाकला आणि वरून झाकण लावलं.

त्यातच मुलींची स्पर्धा सुरू झाली. पेठापेठांच्या मुलींच्या टीम उभ्या राहिल्या आणि माझी मुलगी अनुजा शिवाजी पेठेची गोलकीपर झाली. आत्यांना ही बातमी सांगायची कुणी, यावर आमच्या घरात दोन दिवस गेले. शेवटी अनुजानंच सांगितली.

"खेळ की," आत्या म्हणाल्या. "खेळायला मी कवा नको म्हटलंय? पन जर्सी कुठली घातलीस बाई."

"आज्जी, मी राहायला तिकडंच हाय."

"तुझ्या बापामुळं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चहा प्यायलो.

तोंडानं त्या काहीही बोलोत, मनातलं वेगळं होतं. या जूनमध्ये अनुजा शिकायला पुण्याला जाणार होती. एकदा वर्षाशी फोनवर बोलताना आत्या म्हणाल्या, "पोरगी पुन्याला गेली की सपलं बघ. गोलात हुबी ऱ्हायलेली मी एकदाबी तिला बगितली न्हाय. एवडं एकदा बगाय पायजे." वर्षानं ते मला सांगितलं. तेव्हा प्रश्न सरळ होता. या मोसमात आत्या स्टेडियमच्या पायऱ्या चढतात की नाही.

मी त्यांना डॉक्टर मुळीकांकडं नेलं. मुळीक हाडांचे डॉक्टर, माझ्याबरोबर शाळेत होते. त्यांनी गुडघा हलवून बघितला, फोटो काढला आणि तो उजेडावर धरून आत्यांना दाखवला. "मावशी, ही दोन हाडं. यांच्यामधी गादी असते, ती झिजत चाललीय. पण वाटी बदलायची वेळ आलेली नाही. आधी इंजेक्शननं काही होतंय का बघूया."

"एका सुईत पळाय लागनार काय मी?"

"न्हाय," मुळीक म्हणाले. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. एक स्टेरॉइडचं इंजेक्शन. त्यानं सूज आणि दुखणं लवकर उतरतं, पण काही आठवड्यांपुरतंच. ते सारखं सारखं घेता येत नाही, आणि आत्यांना साखर आहे, ती त्यानं चढते. दुसरं, स्वतःचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला कामाचा भाग गुडघ्यात सोडायचा.

"माझंच रगात काडून मलाच घालनार?"

"व्हय."

"आनि पैसं मीच देनार." आत्यांनी तो पर्याय तिथंच निकालात काढला.

तिसरं जेलचं. सांध्यात मुळात जे वंगण असतं, त्याच जातीचं. "याचा गुण सावकाश येतो. आला तर काही महिने टिकतो. आला तर म्हणालो, मावशी. काहींना चांगला येतो, काहींना थोडा, काहींना येतच नाही. आणि झिजलेली गादी यातल्या कशानंच परत येत नाही, हे आधी सांगून ठेवतो."

हे स्पष्ट बोलणं आत्यांना आवडलं. गव्हात किडे असले तर त्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतात, तेव्हा त्यांना तोंडावर सांगणारा माणूस भावतो. जेलचं ठरलं. त्या समाधानानं इकडंतिकडं बघायला लागल्या, आणि त्यांची नजर डॉक्टरांच्या डोक्यामागच्या भिंतीवर गेली. तिथं आमच्या तालमीच्या टीमचा फोटो होता, चषकासकट, आणि मागच्या रांगेत गुलालानं माखलेले डॉक्टर. तो फोटो मी साफ विसरलो होतो.

आत्यांनी गुडघ्यावरची साडी सावकाश खाली ओढली. "डाक्टर, तुमी कुठलं?"

"शिवाजी पेठ."

"मोसम सपल्यावर बगू मग," आत्या म्हणाल्या आणि उठायला लागल्या. उठायला लागल्या म्हणजे दोन्ही हात खुर्चीवर टेकून नुसत्याच जोर करत राहिल्या.

मुळीकही कोल्हापूरचेच. ते न हसता म्हणाले, "मावशी, बसा. यात माझा बी स्वार्थ हाय. तुमी स्टेडियमला आलाच न्हाईसा, तर आमी जिंकल्यावर चिडवायचं कुणाला?"

आत्यांनी यावर थोडा विचार केला. त्यांना ते पटलं. विरोधकाचा हेतू स्वच्छ असला की त्यांची तक्रार नसते. त्यांनी साडी परत वर घेतली.

इंजेक्शन फार वेळाचं काम नव्हतं. डॉक्टरांनी गुडघा पुसून घेतला, आधी सुईनं साठलेलं पाणी काढलं. पिवळसर पाणी बघून आत्या म्हणाल्या, "हे तर शेंगतेलावानी दिसतंय." मग त्याच जागेतून जेल आत गेलं. आत्यांनी हूं की चूं केलं नाही. फक्त रिकामी सिरिंज बघून निराश झाल्या. "एवडंच? गिरनीच्या बेरिंगला मी ह्येच्यापरास जास्त ग्रीस घालतो."

"पहिले दोन दिवस जरा बेतानं राहा," मुळीक म्हणाले. "मग रोजच्यासारखं हिंडाय-फिराय लागा. उकिडवं बसू नका, जड उचलू नका, आणि दाखवलेले व्यायाम करा."

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं, तेव्हा मी निर्धास्त झालो. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत डिस्पॅच बघतो. मार्चअखेर आली होती, माल बाहेर काढता काढता जीव मेटाकुटीला आला होता. सासुरवाडीला जाणं जमलं नाही. फोन मात्र करत होतो. "आत्या, कसा काय गुडघा?" "जोरात. लई जपलाय," त्या म्हणायच्या. मला वाटलं, झालं काम.

तीन आठवड्यांनी गेलो. बोळात शिरताच एक पोरगा म्हणाला, "पावणं, गाडी हितंच बंद करा, आवाज नको." आत गेलो तर आत्या कॉटवर बसलेल्या. उजवा पाय लोडावर, त्यावर शाल. धैर्यशीलची बायको हातात चहा देत होती. शालूबाई वाटीत शिरा घेऊन आल्या होत्या. आणि पायथ्याशी खुर्ची टाकून बाळासो बसले होते. बाळासो म्हणजे मंगळवार पेठेच्या टीमचे जुने कोच. पेठेत त्यांचा शब्द कुणी मोडत नाही.

"चालून बघितलं काय, आत्या?"

"चालू कशाला? वंगन हाय ते. चाललं की सरनार. मग फायनलला काय ऱ्हानार?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण शालूबाई मान डोलावत होत्या आणि बाळासो गंभीर होते. ते मला समजावून सांगायला लागले. "पावणं, आमचा स्ट्रायकर गुडघ्यात दुखावलाता न्हवं का, तवा आमी काय केलं? लीगच्या मॅचमधी त्येला उतरवलाच न्हाय. फायनलला सोडला. दोन गोल मारलं गड्यानं. झुंबरवैनींचा गुडघा बी आमी तसाच राखीव ठेवलाय."

सगळ्या पेठेनं ही शिस्त पाळली होती. आत्यांना तीन आठवडे कुणी कॉटवरून फारसं उठू दिलं नव्हतं. गिरणीत जायची बंदी, देवळात जायची बंदी, न्हाणीघरापर्यंतसुद्धा दोन्ही बाजूंनी धरून. एखाद्या मोठ्या सामन्याची तयारी करावी तसं हे सगळं मनापासून चाललं होतं, आणि त्यात कुणालाही काडीचीही शंका नव्हती.

"आत्या, जरा उभ्या राहून दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी पाय खाली घेतला. गुडघा वाकेना. जोर करून उठल्या, तर मांडी थरथरायला लागली आणि त्या परत कॉटवर बसल्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं बघितलं होतं, मॅच हरल्यावर न जेवता झोपलेलं बघितलं होतं, पण घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि शालूबाईंनाही ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात विचारलं, "जावईबापू, गेलं काय हो सगळं? आता दिसत न्हाय काय पोरगी मला?"

मला बाळासोंचा असा राग आला होता की बोलायची सोय नव्हती. पण त्यांचं तोंड आत्यांच्यापेक्षाही उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत मुळीकांकडं. बाळासोही आले, मी नको म्हणत असताना. डॉक्टरांनी राखीव गुडघ्याची हकीकत ऐकली आणि खिडकीकडं तोंड करून थोडा वेळ उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग वळून म्हणाले, "काही गेलेलं नाही, मावशी. आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडं जायचं, आणि त्या सांगतील ते करायचं. पेठेनं सांगितलेलं न्हाय."

मॅडम म्हणजे संघप्रिया. पंचविशीतली, चणीनं लहान, रोज शहराबाहेरच्या गडमुडशिंगीहून स्कूटरवर येणारी मुलगी. आत्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तू कुठल्या पेठेची ग?"

"कुठल्याच न्हाई, आज्जी. मी गडमुडशिंगीची. मला फुटबॉलमधलं काही कळत न्हाई."

"मग बरं हाय," आत्या म्हणाल्या. पण त्यांना तिची थोडी कीव आली, ते तोंडावर दिसलं.

संघप्रियानं मांडी दाबून बघितली, पाय उचलायला लावला, गुडघा किती वाकतो ते बघितलं. मग म्हणाली, "आज्जी, जेल म्हणजे टाकीतलं पेट्रोल न्हाई, चाललं की संपायला. आणि गुडघ्याला धरून ठेवती ती ही मांडी. तिलाच तुम्ही झोपवून ठेवली. हे राखून ठेवायचं कुणी काढलं डोक्यातनं?"

आत्यांनी बाळासोंकडं बघितलं. बाळासोंनी छातीवर हात ठेवून स्ट्रायकरची गोष्ट पुन्हा सांगितली, दोन गोलांसकट. संघप्रियानं शांतपणे ऐकून घेतली.

"काका, तो खेळाडू राखीव होता, तवा महिनाभर खाटंवर पडून होता काय?"

"न्हाय. खाटंवर कशाला? रोज सकाळी मैदानावर यायचा की. पळायचा, दोरीच्या उड्या..." बाळासो बोलता बोलता थांबले. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. "आयला," एवढंच म्हणाले.

तिथून पुढं गिरणीत जे सुरू झालं, ते बघायला मी कामावरून येताना मुद्दाम वाट वाकडी करायचो. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबून धरायची. पाय सरळ उचलून तोलायचा. खुर्चीवर बसून, हात न टेकता, पावलं मागं घेऊन आणि पुढं वाकून उठायचं. सांगायला सोपं, पण पहिल्या आठवड्यात आत्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या सोडायला तयार नव्हत्या. प्रायश्चित्त म्हणून बाळासो रोज सकाळी शिट्टी गळ्यात अडकवून हजर. दळणाला आलेल्या बायका डबे खाली ठेवून मोजायच्या. आत्या उठताना खुर्चीला हात लागला की शिट्टी वाजायची आणि शालूबाई ओरडायच्या, "हात लागला, फाऊल." एक गिऱ्हाईक पीठ न घेताच घरी गेलं, म्हणे बघण्याच्या नादात विसरलो.

हळूहळू गुडघा सुटायला लागला. सकाळचा ताठरपणा कमी झाला, मग गिरणीतल्या गिरणीत फिरणं, मग देऊळ. दुखणं पुरतं थांबलं नव्हतं. मधेच त्या थांबायच्या, ओठ आवळायच्या आणि पुढं निघायच्या. हा गुण जेलचा की व्यायामाचा, असं मी मुळीकांना विचारलं. "दोन्हींचा असंल. छातीठोक मी सांगणार नाही," ते म्हणाले. मंगळवार पेठेनं मात्र केव्हाच निकाल दिला होता. गुण बाळासोंच्या शिट्टीचा.

शेवटी संघप्रियानं पायऱ्या घेतल्या. गिरणीच्याच तीन. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी," तिनं सांगितलं. आत्या त्या पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या, चढायच्या आणि उतरायच्या. दळायला येणाऱ्यांनी बाजूनं जायचं.

आणि मग मुलींची फायनल ठरली. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ.

अनुजा आदल्या दिवशी आज्जीकडं गेली. "आज्जी, बसणार कुठल्या बाजूला?"

"पंचवीस वरसं बसतोय त्या बाजूला."

"मी शिवाजी पेठेकडनं खेळणार आणि तू आमच्या विरोधात बसणार?"

"गोलात तू कुठंबी हुबी ऱ्हा. मला वरनं दिसतीस," आत्या म्हणाल्या. अनुजा जरा रुसूनच घरी आली. मला मात्र ते बरोबर वाटलं. नातीसाठी पेठ सोडली असती, तर त्या झुंबरबाई कसल्या?

फायनलच्या दिवशी वर्षा आमच्या पेठेच्या बाजूला जाऊन बसली. तिनं माहेर-सासरचा हा तंटा केव्हाच मिटवून टाकला होता. आत्यांना धरून न्यायचं काम माझ्याकडं, म्हणजे मी शत्रूच्या गोटात. "पावणं आलं, पावणं आलं," म्हणत पोरांनी वाट करून दिली. पायऱ्यांपाशी आल्यावर आत्यांनी माझा हात सोडला. डावा पाय वर, मग उजवा. डावा वर, उजवा. मागं माणसं खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही. मधे त्या दोनदा थांबल्या. तिसऱ्यांदा थांबल्या तेव्हा मी हात पुढं केला, तो त्यांनी झिडकारला. त्यांच्या नेहमीच्या उंच पायरीवर पोचल्यावर त्या बसल्या, पदरानं घाम पुसला आणि समोर बघितलं. खाली सगळं मैदान दिसत होतं. दूरच्या गोलात पिवळी जर्सी घातलेली अनुजा उड्या मारत होती. मी आत्यांकडं बघितलं, तर त्या नुसत्या हसत होत्या.

निकाल सांगून टाकतो, उगाच टांगणीला नको. मॅच मंगळवार पेठेनं जिंकली, एक शून्य, अगदी संपता संपता. पण मला त्या मॅचमधलं दुसरंच आठवतं.

मध्यंतरानंतर मंगळवार पेठेला पेनल्टी मिळाली. आमच्या आजूबाजूची माणसं उभीच राहिली, पेढे वाटायच्या तयारीत. आत्या तेवढ्या बसून होत्या, हात गच्च आवळून. मला त्यांच्या मनाची पंचाईत दिसत होती. मंगळवार पेठेची मुलगी धावत आली, चेंडू मारला. अनुजानं डावीकडं झेप घेतली आणि चेंडू पोटाशी धरून ती मातीत पडली.

पलीकडची बाजू पेटली. आम्ही बसलो होतो ती मंगळवार पेठेची बाजू एकेक करत खाली बसली. कुणी कपाळाला हात लावला, कुणी मान खाली घातली. बाळासोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी जागेवरच चिकटून बसलो होतो. आनंद दाखवायची सोय नव्हती.

तेव्हा आत्या हलल्या. त्यांनी पावलं मागं घेतली, पुढं वाकल्या, आणि उठल्या. माझ्या खांद्याला हात नाही, कठड्याला हात नाही. सरळ उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

सगळ्यांनी माना वळवून बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ आज्जी, खाली बसा की. पोरगी त्येंची हाय."

"मला ठाव हाय पोरगी कुनाची हाय ती," आत्या मागं न बघता म्हणाल्या. "उठाय शिकाय लई दिस गेल्यात माझं. मी न्हाय बसत."



खाली अनुजा उठली होती. चेंडू काखेत धरून तिनं आधी आपल्या पेठेकडं बघितलं, तिथं तिच्या नावानं नाच चालला होता. मग ती वळली आणि आमच्या बाजूला बघायला लागली. एवढ्या गर्दीत एक माणूस शोधायचं म्हणजे अवघड. पण त्या वेळी तिला शोधावं लागलं नाही. सगळी मंगळवार पेठ खाली बसलेली होती आणि मधोमध एकटी एक बाई उभी होती. अनुजानं हातमोज्याचा हात वर केला. आत्यांना रडू फुटलं, आणि त्या रडत रडत टाळ्या वाजवत राहिल्या. मी इकडंतिकडं बघितलं, आणि उठून त्यांच्या शेजारी उभा राहिलो.